मुक्कामी गुरुजी, जागती शाळा

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचरला किंवा नारायणगावला उतरावे आणि तोंड पश्चिमेला करावे. सुरुवातीला ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे अशी बागायत लागते. घोडेगाव किंवा जुन्नर मागे पडले की शेताचे रूप बदलू लागते. पाटाचे पाणी संपते, डोंगर जवळ येतो आणि उताराला पायऱ्या पाडलेली भातखाचरे दिसू लागतात. त्याही पुढे आहुपे, हातवीज, दुर्गवाडी, घाटघर ही सह्याद्रीच्या माथ्यावरची गावे. तिथे कडा तुटतो आणि खाली कोकण सुरू होते.

आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांचा हा पश्चिम पट्टा महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी बांधवांचा. गाव म्हणायला एक, पण त्याच्या वाड्या चार-पाच. दोन वाड्यांमध्ये कुठे ओढा आडवा, कुठे टेकाड आडवे. अशा वाडीतही शाळा असते. एक-दोन खोल्या, पुढे ओटा, अंगणात झेंड्याचा खांब. शिक्षक एक किंवा दोन, आणि इयत्ता मात्र चार किंवा पाच. पहिलीचे पोर अक्षर गिरवते त्याच खोलीत चौथीचे पोर भागाकार करते.

या शाळेचे बरेवाईट कशावर ठरते? थोडे इमारतीवर, थोडे पुस्तकांवर. पण सर्वांत जास्त ते एका साध्या प्रश्नावर ठरते. गुरुजी संध्याकाळी कुठे असतात?

शाळा सुटल्यानंतरची शाळा

गुरुजी रोज खालून येत-जात असतील, तर त्यांचे घड्याळ गाडीच्या वेळेला बांधलेले राहते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, धुके उतरले, दरड आली, की शाळा उशिरा भरते नाहीतर भरतच नाही. याच गुरुजींनी वाडीत खोली घेतली, तर तोच पाऊस त्यांच्याही डोक्यावर असतो. ज्याचे घर पलीकडे त्याला ओढा आडवा येतो. ज्याचे घर अलीकडे त्याला तो फक्त ऐकू येतो.

पण वेळेवर शाळा भरणे हा मुक्कामाचा लहानसा फायदा झाला. खरा फायदा शाळा सुटल्यावर दिसतो. सकाळी एखादे पोर वर्गात पेंगत असेल, तर रात्री घरात आजारपण होते हे मुक्कामी गुरुजींना विचारावे लागत नाही. कोणाचा बाप कामाला उतरला, कोणाची आई पाण्याला किती लांब जाते, कोणत्या पोरीवर धाकटे भावंड सांभाळण्याची पाळी आली, हे सारे त्यांना ठाऊक असते. मग ते पोरीला "काल का आली नाहीस?" म्हणून दरडावत नाहीत. "भावाला घेऊन ये, बसेल ओट्यावर," असे सांगतात. पोरगी शाळेत टिकते ती अशा एका वाक्याने.

भाषेचेही तसेच. पोरांच्या घरची बोली आणि बालभारतीच्या पुस्तकातली मराठी यांत अंतर असते. नवे पोर वर्गात गप्प बसले, की परका शिक्षक त्याला मठ्ठ समजतो. पोर मठ्ठ नसते, शब्द परका असतो. जो शिक्षक चुलीपुढे बसून दोन घास खातो, त्याच्या कानावर घरचे शब्द पडतात. ते शब्द तो फळ्यावर आणतो आणि त्यांच्या बाजूला पुस्तकातला शब्द लिहितो. पोराचे तोंड मग आपोआप उघडते.

रान हेच मोठे पुस्तक

या पट्ट्यातले पोर पाच-सहा वर्षांचे होते तोवर त्याच्या पायाखालून बरेच रान गेलेले असते. पहिल्या पावसानंतर कोणती भाजी कुठे उगवते, फोडशी कोणती, चाईचे कोंब कुठे मिळतात, खेकडा बिळातून कसा काढायचा, हे त्याला कोणी वेगळे शिकवत नाही. शेकरूचे घरटे त्याला झाडाखालूनच ओळखू येते. शेकरू हा आपल्या राज्याचा प्राणी. त्याच्यासाठी प्रसिद्ध असलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झाले. शहरातल्या पोराला जो पुस्तकात पाहावा लागतो, तो इथे घरामागच्या झाडावर उड्या मारतो.

आता शाळेने या माहितीचे काय करायचे? ती दाराबाहेर ठेवून "क कमळाचा" सुरू करायचा, की तिच्यावरच अक्षराची उभारणी करायची?

हिरड्याचेच घ्या. हिरडा हे या डोंगरातले नगदी पीक, फक्त ते कोणी पेरलेले नाही. उन्हाळ्यात घरची सगळी माणसे बाळहिरडा गोळा करतात. आत आठळी धरण्याआधीच कोवळे फळ काढायचे आणि वाळवायचे, म्हणजे तो बाळहिरडा. औषधाला, कातडी कमावण्याला आणि रंगाला हिरडा लागतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने ही झाडे मोडली, तेव्हा भरपाईसाठी लोकांना मोठा झगडा करावा लागला. कारण सातबारावर पीक दिसले, की नुकसान सरकारला दिसते. जंगलातले झाड दिसत नाही.

एवढ्या एका फळात किती धडे आहेत पाहा. ओला हिरडा तोलायचा, वाळल्यावर पुन्हा तोलायचा आणि किती घट आली ते काढायचे. हे झाले शेकडेवारीचे गणित. आदिवासी विकास महामंडळाचा भाव काय, व्यापाऱ्याचा काय, दोन्हींत घरच्या गोणीमागे फरक किती पडतो? हे झाले व्यवहाराचे गणित. तराजू समतोल आहे का, हे पाहायला शिकलेले पोर उद्या बाजारात आईला फसू देणार नाही.

राबाचेही तसेच. भाताची रोपे टाकण्याआधी जमिनीवर शेण, पाला, फांद्या आणि वर मातीचा थर देऊन राब भाजतात. का भाजतात? तणाचे बी मरते आणि राख रोपाला पोसते. पण त्यासाठी झाडांच्या फांद्या किती तोडाव्या लागतात आणि दुसरा उपाय आहे का? विज्ञानाचा याहून चांगला पाठ कोणता? आहुपे आणि भोवतालच्या गावांत देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेले ते रान आणि बाहेरचा उघडा माळ, एवढे दोन तुकडे शेजारी दाखवले, की पाणी आणि माती धरून कोण ठेवते हे सांगायला मोठ्या भाषणाची गरज नाही.

याचा अर्थ पोरांना रानातच ठेवायचे असा मुळीच नाही. त्यांना चांगले वाचता यावे, इंग्रजी यावे, गणकयंत्र आणि संगणक यावा, हवे त्या गावी जाऊन हवे ते काम करता यावे. पण जे ठाऊक आहे त्यावरून जे ठाऊक नाही त्याकडे जाण्याची वाट सोपी असते. उलटी वाट धरली, तर चढण लागते आणि निम्मी पोरे मधेच बसतात.

जुन्या माणसांनी दाखवलेली वाट

हा विचार नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे आपले निवेदन दिले. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील, असे त्यांनी त्यात मांडले होते. नांगराचा रुमणा हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही, असा शिक्षक त्यांना हवा होता. शिक्षकाच्या प्रशिक्षणात शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती असावी, असाही त्यांचा आग्रह होता. आज १४० वर्षे उलटून गेली, तरी डोंगरातल्या शाळेला हे शब्द जसेच्या तसे लागू पडतात.

दुसरे उदाहरण कोसबाडचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली वारली पोरे शाळेत येईनात. कारण साधे होते. पोरे गुरे राखायला जात. या बायांनी पोरांना नावे ठेवली नाहीत, की आईबापांना दोष दिला नाही. पोरे कुरणात, तर शाळाही कुरणात! गुरे चरताहेत, पोरे झाडाखाली बसली आहेत आणि शिक्षिका तिथेच शिकवते आहे. ही त्यांची कुरणशाळा. दगड, बिया, पाने, काड्या हेच तिथले साहित्य. ताराबाई १९७३ साली गेल्या आणि अनुताई १९९२ साली. पण शाळेने पोराच्या दारी जावे हा त्यांचा धडा अजून जुना झालेला नाही.

आंबेगावात कुसुमताई कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेने याच रीतीने काम केले. डिंभे धरणाने ज्यांची शेती पाण्याखाली गेली, अशा आदिवासी कुटुंबांबरोबर राहून धरणात मासेमारी, पाणी ओसरलेल्या जागेवर गाळपेर, उतारावर पडकई असे मार्ग लोकांनी उभे केले. पडकई म्हणजे डोंगराच्या उताराला दगडाचे बांध घालून भाताचे खाचर तयार करणे. हे काम एकट्याचे नाही, दहा घरांनी मिळून एकमेकांच्या शेतावर करायचे. लहान मुलांच्या शिक्षणाचे कामही संस्थेने केले. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आधी मुक्काम, मग काम, हीच त्यामागची रीत.

पाणी आणि माती

या भागात शिकवणाऱ्याला दोन गोष्टी विसरून चालत नाहीत. एक पाण्याची, दुसरी मातीची.

घोड नदीवर डिंभ्याला धरण झाले. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते जुने आंबेगाव त्या पाण्यात गेले. जलाशयाला नाव मिळाले हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा झाला आणि प्राणाला मुकला. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाच्या खुणा वर येतात. धरणाचे पाणी कालव्यांनी पूर्वेच्या शेतांना जाते आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या वरच्या वाड्यांत चैत्र-वैशाखात हंड्यासाठी पायपीट होते. पोरांनी हा इतिहास आणि हा भूगोल शाळेत शिकायचा नाही, तर कुठे शिकायचा?

दुसरी गोष्ट माळीणची. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि माळीण गाव मातीखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. गावात जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळले. पुढे २०१७ साली नवे गाव वसवून लोकांना घरे मिळाली. पण गेलेले परत येत नाहीत.

अशा गावात दरडीचा धडा हा परीक्षेचा प्रश्न नव्हे. उतारावर नवी भेग पडली, सरळ झाडे किंवा खांब कलू लागले, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा नव्या जागी पाणी फुटले, घराच्या भिंतीला एकाएकी तडे गेले, तर मुसळधार पावसात तिथे थांबायचे नाही. हे प्रत्येक पोराला पाठ असले पाहिजे. पोर घरी जाऊन आजोबाला सांगेल आणि आजोबा त्याला डोंगराच्या दोन जुन्या गोष्टी सांगतील. मुक्कामी गुरुजी असतील, तर पावसाच्या रात्री कोणाला उठवायचे आणि कोणत्या वाटेने न्यायचे हे आधीच ठरलेले असेल.

गुरुजींचीही बाजू ऐका

आता नाण्याची दुसरी बाजू. "मास्तर राहत नाहीत," म्हणून गावाने नुसती बोटे मोडून चालणार नाही. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे खरा. पण राहायचे कुठे? वाडीत रिकामी खोली नसते. असली तर तिला मोरी नसते, संडास नसतो. नव्याने आलेली तरुण शिक्षिका अशा खोलीत एकटी कशी राहील? घरी म्हातारे आईवडील आणि शाळेत जाणारी स्वतःची मुले असतात. रात्री-अपरात्री ताप आला तर दवाखाना लांब, फोनला रेंज नाही. त्यातच चार इयत्तांचे शिकवणे, दुपारच्या खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे आणि वरून येणारी नाना कामे.

म्हणून जो राहत नाही तो वाईट आणि जो राहतो तो देव, असा हिशेब नको. राहता येईल अशी सोय करणे हे गावाचे आणि शासनाचे काम. सोय झाल्यावर मनापासून राहणे हे शिक्षकाचे काम.

पट कमी, म्हणून शाळा बंद?

आज या वाड्यांपुढे आणखी एक संकट आहे. पट कमी होतो आहे. लोक कामासाठी खाली उतरतात, काही पोरे तेरुंगण, असाणे, सोनावळे अशा आश्रमशाळांत जातात, आणि वाडीच्या शाळेत दहा-पंधरा पोरे उरतात. २०१७ च्या अखेरीस राज्य सरकारने दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून पोरांना जवळच्या शाळेत घालण्याचा निर्णय केला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आला. आपल्या जिल्ह्यातली पानशेतची समूहशाळा त्यासाठी नमुना म्हणून दाखवली गेली.

मोठ्या शाळेचे फायदे आहेत. प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळतो, खेळायला सवंगडी मिळतात. पण जवळ म्हणजे किती जवळ? शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. सपाटीवरचा एक किलोमीटर आणि आषाढात ओढा ओलांडून चढायचा एक किलोमीटर यांचे माप सारखे नसते. गाडीची सोय कागदावर असली, तरी गाडी रस्त्यावरून धावते आणि वाडी रस्त्यापासून वर असते. सहा-सात वर्षांचे पोर रोज ती वाट करणार नाही. त्याची शाळा सुटेल, आणि पोरीची तर आधी सुटेल.

आश्रमशाळांनी अनेक मुलांना दहावी-बारावीपर्यंत नेले, हे खरे. मोठ्या मुलांना त्यांचा आधार आहे. पण पहिली-दुसरीतले पोर आईच्या कुशीत निजायचे असते. लहान वाडीची लहान शाळा टिकली पाहिजे ती यासाठी.

बागायतदार बंधूंना विनंती

आमचे बरेच वाचक पूर्वेच्या बागायती गावांतले आहेत. भात निघाले की पश्चिमेकडची कुटुंबे तुमच्या टोमॅटोच्या तोडणीला, कांद्याच्या लागणीला येतात. नारायणगावच्या चौकात सकाळी मजुरांची गर्दी असते, ती तुम्ही रोज पाहता. त्यांच्याबरोबर त्यांची पोरेही येतात आणि बांधावर दिवस काढतात.

ही पोरे तुमच्या गावच्या शाळेत बसू शकतात. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्यातही प्रवेश द्यावा लागतो. दाखला नाही, जन्माचा कागद नाही, या कारणाने शाळेला पोर परत पाठवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी मूळ शाळेतून शिक्षण हमी पत्रक मिळते. ते बरोबर असले की पोर कुठवर शिकले हे नव्या शिक्षकाला कळते. तुम्ही फक्त एवढे करा: मजूर ठरवताना पोरांची चौकशी करा आणि पहिल्या दिवशी त्यांना शाळेपर्यंत पोचवा. तुमच्या घरातला मुलगा हात धरून त्याला वर्गात घेऊन गेला, तर त्याहून उत्तम. आणि पोराच्या हाती टोपली देऊ नका.

गावाने काय करावे?

वरच्या वाड्यांनी काय करावे, हेही थोडक्यात सांगतो.

पहिले, खोली. ग्रामसभेत ठराव करून एक खोली, मोरी आणि संडास शिक्षकांसाठी नीट करा. दोन बाया एकत्र राहू शकतील अशी असली तर शिक्षिकाही राहतील.

दुसरे, शाळा व्यवस्थापन समिती. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. सह्यांपुरती समिती नको. बैठकीला आयांनी यावे आणि "पोराला वाचता येते का, ऐकवा बरे," असे म्हणावे.

तिसरे, महिन्यातून एक दिवस गावातल्या जाणत्या माणसाने शाळेत शिकवावे. कोणी बांध घालायला, कोणी टोपली विणायला, कोणी औषधी झाडपाला ओळखायला. आजी अंगठा उठवत असली, तरी भाताच्या वाणांबाबत तिला जे ठाऊक आहे ते पुस्तकात नाही.

चौथे, आवणीच्या दिवसांत पोरे शेतावर जाणारच. मग गुरुजींशी बोलून वेळ ठरवा. शाळा सकाळी लवकर भरवता येते का, याची परवानगी वरून मागा. गुपचूप दांडी मारण्यापेक्षा उघड बोलणी बरी.

पाचवे, गुरुजींना आपले म्हणा. नवे भात शिजले, पहिली भाजी आली, घरात कार्य निघाले, तर त्यांना बोलवा. पगाराने शिक्षक नेमला जातो. टिकतो तो माणुसकीने.

पडकईला दहा घरे एकत्र येतात आणि जिथे नुसता उतार होता तिथे भाताचे खाचर उभे राहते. शाळेचेही तसेच आहे. एकट्या गुरुजींनी बांध घातला तर पहिल्या पावसात वाहून जातो. सगळ्या वाडीने दगड लावले, की तो पिढ्यान्‌पिढ्या माती धरून ठेवतो.